आमटी-रश्श्यात स्टॉक क्यूब टाकावा का?

"आमटीला हॉटेलसारखी चव येत नाही, स्टॉक क्यूब टाकू का?" असं तुम्ही विचारलंय. स्टॉक म्हणजे डाळ, भाज्या किंवा मटण शिजवलेलं चवदार पाणी, आणि स्टॉक क्यूब म्हणजे त्याच चवीची विकत मिळणारी वडी. आमटीत आणि मटणाच्या रश्श्यात ती टाकू नका. तिथं लागणारा स्टॉक आपल्या घरात तयारच असतो, बरेच जण तो मोरीत ओततात.

माझं माहेर कोरेगावचं, सासर सांगलीचं. होळीला पुरणाची डाळ शिजली की दोन्हीकडं आधी येळवणी सांभाळतात. डाळ बोटांत सहज चेपली की रोळीत उपसायची. खाली पातेल्यात उतरतं ते पिवळसर पाणी म्हणजे येळवणी. गार झाली की बोटाला किंचित चिकट लागते. त्या दाटपणावरच आमटी उभी राहते. वर कांदा-खोबऱ्याचं भाजून केलेलं वाटण, घरची चटणी, गुळाचा खडा. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, तेही तसंच (नाव अळणी, पण मीठ असतं हं त्यात). आधी पोरांना वाटीभर, उरलेल्यात रस्सा.

क्यूब स्वित्झर्लंडच्या मॅगी कंपनीनं १९०८ साली आणला. त्याच वर्षी जपानमध्ये रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे चव खुलवणारं द्रव्य वेगळं काढलं. आज बहुतेक क्यूबची चव त्यावरच चालते. बाकी स्टार्च, पाम तेल, आणि निम्म्याच्या आसपास नुसतं मीठ. म्हणजे दहा ग्रॅमच्या एका क्यूबमध्ये साधारण पाच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात त्याहून कमी खायला सांगते.

मी एकदा पाहुणे वाढले म्हणून अळणीत पाणी घालून एक क्यूब कुस्करला. रस्सा आटेल तसा खारट होत गेला. बटाटा टाकला, पाणी वाढवलं, तरी सावरला नाही. त्याहून वाईट वाटलं ते वाटणाचं. तासभर खपून भाजलेल्या खोबऱ्याचा वास गेला आणि रश्श्याला पाकिटातल्या सूपचा वास आला.

ऐनवेळचं सूप किंवा भाज्यांचा पुलाव असेल तर खुशाल वापरा. चार माणसांना अर्धा पुरतो, मीठ शेवटी चाखूनच घाला. शाकाहारी असाल तर पाकिटावरचं हिरवं चिन्ह बघून घ्या, चिकनचे क्यूबही शेजारीच ठेवलेले असतात.

रोज येळवणी कुठून आणणार, असं म्हणाल तर घेवडा कुकरला लावताना दोन वाट्या पाणी जास्त घाला आणि आमटीला तेच वापरा.