पाइनच्या जंगलातले फिंच: सुरुवात कुठून करावी

दुर्बीण घेतलीत ना? मग ती जरा गळ्यातच राहू द्या. फिंच म्हणजे बिया खाणारे हे छोटे पक्षी आधी कानाला सापडतात. त्यांच्यातल्याच क्रॉसबिल या पक्ष्याचा थवा 'जिप-जिप' असा खणखणीत आवाज करत डोक्यावरून जातो. तो एकदा ओळखीचा झाला की अर्धं काम झालं.

मग शेंडे बघा, तेही शंकूंनी, म्हणजे पाइनच्या बिया धरणाऱ्या खवल्याखवल्यांच्या फळांनी, लगडलेल्या झाडांचेच. क्रॉसबिल पोपटासारखा फांद्यांवर चढतो, उलटा लटकतो. त्याच्या चोचीची टोकं एकमेकांना ओलांडून गेलेली असतात. ती शंकूच्या खवल्यांत खुपसून तो फट पाडतो आणि जिभेने बी काढतो. बियांचे पातळ पंख भिरभिरत खाली येत असतील, तर वर कुणीतरी जेवतंय!

नवख्यांचं हमखास चुकतं ते इथे:

- रंगावर भिस्त ठेवणं. क्रॉसबिलचा नर तांबडा, मादी हिरवट-पिवळी, पिल्लं रेघारेघांची. आधी चोच बघा.
- पाणवठा विसरणं. कोरड्या बियांवर जगणारे हे पक्षी वरचेवर पाण्यावर उतरतात आणि तिथे निवांत बघता येतात.
- गेल्या वर्षीच्या जागेवर अडून बसणं. शंकू आले नाहीत, तर थवे सरळ दुसरीकडे जातात.

आवाजावरून क्रॉसबिलचे प्रकार ओळखायच्या फंदात एवढ्यात पडू नका. त्यात भलेभले चकतात.