संगमरवराच्या कडेला टंगस्टन का सापडतं?

प्रश्न : ग्रॅनाइट तर जागोजागी आहे. मग तो संगमरवराला भिडतो तिथेच टंगस्टन का साठतं?

कारण तिथे त्याला कॅल्शियम भेटतं. ग्रॅनाइट ज्यातून बनतो तो शिलारस थंड होताना फेल्डस्पार, अभ्रक, क्वार्ट्झ या खनिजांचे स्फटिक बनत जातात. त्यांच्यात टंगस्टन फारसं मावत नाही. ते उरलेल्या रसात वाढत जातं आणि शेवटी रसातून सुटणाऱ्या गरम, खारट पाण्यात उतरतं. हे पाणी संगमरवरात शिरलं की कॅल्शियम आणि टंगस्टन मिळून शीलाइट हे खनिज बनतं. सगळं श्रेय आपण ग्रॅनाइटला देतो, ते मला पटत नाही. माल ग्रॅनाइटने आणला खरा, पण अडवून ठेवला तो संगमरवराने.

प्रश्न : संगमरवर इतका घट्ट, त्यात पाणी शिरतं कसं?

सगळी गंमत इथेच आहे. सुरुवातीला भेगा असतातच, पण पुढची वाट पाणी स्वतः करतं. सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास कॅल्साइट आणि पाण्यातून आलेली सिलिका यांचं वोलास्टोनाइट होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कॅल्साइट आणि क्वार्ट्झ मिळून जितकी जागा व्यापतात, त्यापेक्षा हे नवं खनिज जवळपास एक तृतीयांश कमी जागा घेतं. दगडात पोकळ्या पडतात आणि आणखी पाणी आत येतं. गार्नेट, पायरॉक्सिन ही खनिजं वाढतात. अशा खडकाला स्वीडनच्या खाणकामगारांचा शब्द आहे, स्कार्न. पुष्कळदा चांगलं शीलाइट त्यानंतर, खडक निवत असताना बसतं.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडातली पाइन क्रीक खाण अशीच. खालून ग्रॅनाइट चढला आणि त्याच्या माथ्यावर जुन्या खडकांचा, संगमरवरासकट, एक तुकडा लोंबत राहिला. शीलाइट त्या दोघांच्या सीमेवर. १९१६ मध्ये शोध लागला, पुढे अनेक दशकं खाण चालली. खनिजात टंगस्टन ऑक्साइड साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनाला ५ किलो. टंगस्टनच्या खाणीत हे चांगलं प्रमाण आहे.

प्रश्न : माझ्याकडचा पांढरा दगड शीलाइट की क्वार्ट्झ?

आधी हातात तोलून बघा. क्वार्ट्झ पाण्याच्या २.६५ पट जड, शीलाइट सुमारे ६ पट. मग चाकूने ओरखडा. शीलाइटवर उमटतो, क्वार्ट्झवर नाही. खात्रीसाठी लघुलहरी अतिनील दिवा हवा. नोटा तपासायचा दिवा चालत नाही. माझ्याकडे अंगठ्याएवढा स्कार्नचा तुकडा आहे. उजेडात तपकिरी गार्नेट आणि मळकट पांढरे कण, एवढंच दिसतं. अंधारात दिवा धरला की मीठ सांडल्यासारखे निळसर ठिपके उजळतात. ठिपका पिवळट दिसला तर त्यात मॉलिब्डेनम हा धातू आहे. डोळ्यांना अतिनील किरण अडवणारा चष्मा लावल्याशिवाय हा दिवा लावू नका.

प्रश्न : आमच्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टन आहे म्हणतात. तेही संगमरवरामुळे?

आहे, पण गोष्ट वेगळी. तिथे अभ्रकी शिस्टमध्ये, म्हणजे अभ्रकाच्या पापुद्र्यांच्या खडकात, क्वार्ट्झच्या शिरा आहेत. टंगस्टनला लोह-मँगनीज मिळालं की वुल्फ्रमाइट होतं, कॅल्शियम मिळालं की शीलाइट. तिथे दोन्ही सापडतात. म्हणून नुसता दिवा घेऊन फिरलात तर निम्मंच दिसेल. वुल्फ्रमाइट उजळत नाही. ते काळं आणि हाताला जड लागतं.