अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हंगामाआधी दोन क्वार्टरबॅकमधून (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) एकाची निवड कशी करतात?

सरावात फक्त लांब, देखणे थ्रो बघू नका. खरा फरक निर्णयात दिसतो: चेंडू हातात आल्यावर बचावफळी किती लवकर वाचतो, पहिला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) अडला तर दुसऱ्याकडे वळतो का, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती किती वेळा देतो.

पण एक गोष्ट सरावात कळतच नाही. क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाची जर्सी घालतो आणि त्याला कुणी पाडायचं नाही, असा नियम असतो. अंगावर माणूस धावून येताना तो शांत राहतो का, हे सामन्यातच दिसतं.

म्हणून २०१८ मध्ये क्लेमसन विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी केलं ते मला पटतं. आदल्या वर्षी संघाला प्लेऑफमध्ये (विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत) नेणारा केली ब्रायंट आणि नवखा ट्रेव्हर लॉरेन्स, दोघांनाही त्यांनी पहिल्या चार सामन्यांत खेळवलं आणि मग लॉरेन्सला निवडलं. ब्रायंटने संघ सोडला, आणि ही किंमत लहान नव्हती: पुढच्याच सामन्यात लॉरेन्स जखमी झाला, तेव्हा राखीव क्वार्टरबॅक चेस ब्राइसने सिराक्यूजविरुद्ध २७-२३ असा विजय खेचून आणला. त्यामुळे पहिला निवडताना दुसऱ्या-तिसऱ्यालाही तयार ठेवाच. क्लेमसनने त्या हंगामातले पंधराही सामने जिंकले.