गोळी चालू आहे, तरी पेशी मरत का नाहीत?

सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरवर रोज गोळी घेणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतल्या चार प्रश्नांना उत्तरं देतो.

आईला इमॅटिनिबची रोज एकच गोळी आहे. सलाइन नाही, केस गेले नाहीत. एवढ्याशा गोळीनं कॅन्सरच्या पेशी मरतात तरी कशा? (सातारा)

या आजारात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. ते पेशीला अखंड सांगत राहतं: वाढ, मरू नकोस. खरं तर प्रत्येक पेशीत मरणाची सोय आधीपासून असते. काम संपलं किंवा दुरुस्त न होणारा बिघाड झाला, की ती स्वतःहून संपते. केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी 1972 साली या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ म्हटलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ, आणि मला तो फार नेमका वाटतो.

प्रथिनाच्या ज्या खाचेत एटीपी हे इंधन बसतं, तीच जागा गोळी अडवते. हुकूम बंद पडतो. मग दाबून ठेवलेलं ‘बिम’ हे प्रथिन वाढतं, मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघराच्या भिंतीला भोकं पडतात आणि कॅस्पेस नावाची विकरं पेशीला आतून कापायला घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आक्रसते, दूध उतू जाण्याआधी येतात तसे तिच्या कडेला फुगे येतात, तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. आजूबाजूला सूजही येत नाही.

वडिलांना दोन वर्षं छान गुण होता, आता रिपोर्ट बिघडलाय. शरीराला औषधाची सवय झाली का? (लातूर)

सवय नव्हे. कोट्यवधी पेशींमध्ये एखादीत त्या खाचेचाच आकार बदललेला असतो. टी315आय या बदलात 315व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलतं आणि इमॅटिनिब तिथे बसूच शकत नाही. बाकीच्या पेशी मरतात, ही उरते आणि हिचीच पिलावळ वाढते. तण काढताना एकच जात राहून गेली की पुढे शेतभर तीच दिसते, तसं. अशा पेशींवर पोनाटिनिबसारखी वेगळी औषधं चालतात, म्हणून म्युटेशनची, म्हणजे असा बदल झालाय का याची, तपासणी करून घ्या.

पण त्याआधी गोळ्या मोजा. माझ्याकडे एका मावशींचा रिपोर्ट असाच चढत होता. पिशवीतून स्ट्रिपा काढून टेबलावर मांडल्या, तर महिन्याच्या नऊ गोळ्या शिल्लक! “गोळी जेवणानंतरच घ्यायची ना, मग सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला कशी घेऊ?” त्यांनी सांगितलेलं तंतोतंत पाळलं होतं, नीट समजावलं नव्हतं ते आम्ही. साबुदाण्याची खिचडी खाऊन, वर मोठा ग्लासभर पाणी पिऊन गोळी चालते. गोळी चुकली की खाच मोकळी होते आणि मरणाच्या वाटेवरची पेशी पुन्हा तग धरते.

बीसीआर-एबीएल ‘आढळले नाही’ असं आलंय. बंद करू का? (ठाणे)

स्वतःच्या मनानं मुळीच नाही. आजाराच्या काही मूळ पेशी (स्टेम सेल) निपचित पडून असतात. त्या बीसीआर-एबीएलच्या हुकुमावर अवलंबून नसल्यानं गोळीनं मरत नाहीत. साधारण तीन वर्षं औषध आणि निदान दोन वर्षं सलग खोलवरचा गुण (रिपोर्टमध्ये बीसीआर-एबीएल जवळजवळ नाहीच) असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून पाहता येतं. तरीही जवळजवळ निम्म्या रुग्णांत आजार परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. तेव्हा दर महिन्याला तपासणी हवीच. गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांना पूर्ववत गुण येतो, हा मोठा दिलासा आहे.

सोबत काढा घेतला तर? (बेळगाव)

यकृतातल्या ज्या विकरांमुळे गोळीचा निचरा होतो, त्यांचा वेग काही वनस्पती वाढवतात, काही मंदावतात. गोळी मग कमी पडते किंवा अंगावर येते. काढ्याची बाटली पुढच्या भेटीला सोबत आणा आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर घेऊ नका.