लग्नाच्या वेबसाइटचा पासवर्ड ठेवताना

दोघांची नावं आणि लग्नाची तारीख जोडून पासवर्ड करू नकोस. ते सगळं पत्रिकेवर असतंच, आणि पत्रिकेचा फोटो संध्याकाळपर्यंत अख्ख्या गुहागरात फिरतो. शब्द असा घे, की मुंबईच्या आत्यालाही फोनवर सांगता येईल. सोलकढी नको, तिचं इंग्रजी स्पेलिंग जो तो वेगळं करतो. मोदक आणि पुढे चार आकडे, सगळं लहान लिपीत. पत्रिकेवर फक्त लिंक छाप, पासवर्ड वेगळ्या मेसेजने पाठव.

सर्चमधून साइट लपवली म्हणजे कुलूप लागलं असं नाही. लिंक मिळाली की कुणीही आत. गूगल फोटोजच्या अल्बमचंही तेच, त्याची लिंक पुढे गेली की तुझा पासवर्ड कोण विचारतो? शेवटी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे तुझं लॉगिन नसताना, साइट उघडून बघ, पासवर्ड विचारते का ते. आणि आहेराचा क्यूआर तिथे नकोच बाबा.