वाचकांचे प्रश्न : पाटीपेक्षा अभ्यासक्रम पाहा

प्रश्न : भुसावळला बी.एस्सी. गणिताच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्वांटिटेटिव्ह फायनान्समध्ये (गणित वापरून आर्थिक बाजाराचा अभ्यास) मास्टर्स करायचं आहे. कोर्स कसा निवडू, तयारी काय करू?

उत्तर : ताई, नावावर जाऊ नका. विषयांची यादी उघडा. प्रोबॅबिलिटी, स्टोकॅस्टिक प्रोसेस (काळानुसार यादृच्छिकपणे बदलणाऱ्या गोष्टींचं गणित), टाइम सिरीज (काळाच्या क्रमाने नोंदलेले आकडे) आणि प्रोग्रॅमिंग हवंच. अकाउंटिंग-मार्केटिंगच जास्त असेल तर तो कोर्स तुमच्यासाठी नाही. आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एम.स्टॅट. किंवा आयआयटीचं स्टॅटिस्टिक्सचं एम.एस्सी. हा भक्कम आणि तुलनेने स्वस्त पाया आहे. आयआयटीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. त्यात एकच पर्याय बरोबर असणाऱ्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग असतं, संख्या लिहायच्या प्रश्नांना नसतं. ते प्रश्न रिकामे सोडू नका.

कंडिशनल एक्स्पेक्टेशन (काही माहिती हाती असताना काढलेली अपेक्षित सरासरी) कच्चं ठेवून मुलं थेट ब्लॅक-शोल्सकडे (ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र) धावतात, आणि तिथेच अडतात. आधी लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी हाताने सोडवून पक्की करा.

मग पायथॉन. केळीचा भाव क्विंटलला १,००० वरून १,१०० झाला आणि परत १,००० वर आला, असं धरा. साधा परतावा +१०% आणि −९.०९%, बेरीज शून्य येत नाही. लॉग परतावा (नवा भाव भागिले जुना भाव, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम) +०.०९५३ आणि −०.०९५३, बेरीज शून्य. जळगाव बाजार समितीचे वर्षभराचे भाव घेऊन हेच पायथॉनमध्ये करा. बाजार बंद असलेल्या दिवशी शून्य भाव भरू नका, शून्याचा लॉग निघत नाही, गणित तिथेच फसतं.