‘रात्री मात्र काही त्रास नाही’

पत्र:

ताई, पाच आठवड्यांपूर्वी आम्ही आमच्या मुलीला परदेशातून दत्तक घेऊन घरी आणलं. ती चार वर्षांची आहे, त्याआधी तीन वर्षं संस्थेत होती. नवऱ्याला ती सतत चिकटलेली असते. मी जवळ गेले की किंचाळते, आंघोळीला हात लावू देत नाही, परवा तर चावली. तिच्यासाठी मी दोन वर्षं वाट पाहिली, तिची खोली स्वतः रंगवली, नोकरीतून सुट्टी घेतली, आणि आता मीच परकी. रात्री मात्र काही त्रास नाही. पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खोलीत एकटी झोपते, हाक मारत नाही, रडत नाही. फक्त सकाळी दार ढकलताना जरा जड लागतं, कारण ती दारापाशी फरशीवर येऊन झोपलेली असते. जाईल ती सवय. सासूबाईंना पुढच्या महिन्यात सगळ्या नातेवाइकांना बोलवायचं आहे. नवऱ्यामुळेच ती माझ्याकडे येत नाही असं मला वाटायला लागलंय. त्याच्याशी कसं बोलू?
– हिरमुसलेली आई

उत्तर:

नवऱ्याचं नंतर बघू. आधी त्या दाराचं बोलू या.

चार वर्षांची मुलगी पाच आठवडे रोज रात्री गादी सोडून फरशीवर येऊन झोपते आणि तुम्ही लिहिता, त्रास नाही. त्रास तुम्हाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रवासाचं आणि घड्याळ बदलल्याचं कारणही आता चालणार नाही. वेळेतल्या एका तासाच्या फरकाला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे अगदी जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेलं मूलसुद्धा दोन आठवड्यांत रुळायला हवं.

संस्थेत ती कशी झोपत असेल, याचा विचार केलात का? एका खोलीत ओळीने खाटा, शेजारच्या मुलांचे श्वास, कुणाचा तरी खोकला, व्हरांड्यातला दिवा, रात्रपाळीच्या बाईची पावलं. ही मुलगी बहुधा कधी एकटी झोपलेलीच नाही. तिला तुम्ही बंद दाराच्या, अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलंत. त्या खोलीत माणसांचा आवाज आणि उजेड येतो ती एकच जागा आहे, दाराखालची फट. तिथे ती येते. तुमच्या जितकं जवळ येता येईल तितकी ती रोज येते. दार उघडून बाहेर का येत नाही? कारण रात्री खोलीबाहेर पडायचं नाही, हे अशा मुलांच्या अंगात मुरलेलं असतं. आणि हाक मारत नाही, कारण एका बाईकडे पंधरा-वीस मुलं असली की हाकेला कुणी येत नाही. काही महिन्यांत मूल हाक मारणं सोडून देतं.

हे शांत मूल मोठ्यांना फार आवडतं. पन्नासच्या दशकापर्यंत इंग्लंडमधल्या अनेक इस्पितळांत आईवडिलांना मुलांना भेटायची फारशी मुभा नसे. मूल दोन-चार दिवस रडतं, मग गप्प होतं, म्हणजे रुळलं, असं तिथल्या परिचारिका सांगत. मुलांच्या मनाचा अभ्यास करणारे जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये अशा एका दोन वर्षांच्या मुलीचे इस्पितळातले दिवस चित्रित करून दाखवले. आधी आकांत, मग हताशा, मग अलिप्तपणा, असे तीन टप्पे त्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडले. ‘रुळलेलं’ मूल असतं ते शेवटच्या दोन टप्प्यांतलं. तुमची मुलगी दिवसा किंचाळते, चावते. निदान दिवसा तरी तिने आशा सोडलेली नाही, हे बरंच आहे.

आता तुमच्याच वाट्याला चावा का? संस्थेत सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच. बाई येते, जवळ घेते, पाळी संपली की जाते, कधी नोकरीच सोडून जाते. बाईचा लळा लागला की पुढे काय होतं, हे या मुलीला पाठ आहे. पुरुषाशी तिचा असा जुना हिशेब नाही. त्यात तिची झोप अर्धवट. तुम्ही रोज अर्धी रात्र गार फरशीवर काढलीत तर तुम्हीही कुणाला तरी चावाल.

तेव्हा एकच करा, आणि आज रात्री करा. तिची गादी तुमच्या खोलीत आणा.

गादी दुपारीच हलवा, तिच्यासमोर, तिला एक कोपरा धरायला देऊन. रात्री झोपेत उचलून आणू नका. उठल्यावर जागा बदललेली दिसली तर ती आणखी घाबरेल. गादी जमिनीवर किंवा अगदी बुटक्या खाटेवर, तुमच्या बाजूला, तुमचा हात पोहोचेल इतक्या अंतरावर. नवऱ्याच्या बाजूला नाही. तुमच्या अंथरुणात मात्र ओढून घेऊ नका. तिच्या अंगाला आधी कुणी कसा हात लावला आहे, याचं पान कुठल्याच फायलीत नसतं. तिचं अंथरुण तिचं राहू दे, हात तुमचा असू दे, धरायचा की नाही ते ती ठरवेल. पिवळसर, मंद दिवा जमिनीलगत, डोळे उघडले की तुमचा चेहरा दिसेल असा. खोलीचं दार उघडं, संडासातला दिवा चालू, उशाशी पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ. ज्या कपड्यांत ती आली त्यातलं काही न धुता राहिलं असेल तर ते उशीजवळ ठेवा, वास गेला तरी धुऊ नका. अंथरुण ओलं होणारच, म्हणून दोन थर करा. खाली प्लास्टिकचं अस्तर, वर चादर, त्यावर पुन्हा अस्तर, पुन्हा चादर. रात्री वरचे दोन काढले की खालची जागा तयार, दिवा लावायला नको.

तिच्या भाषेतली सात-आठ वाक्यं पाठ करा, तीही तुम्हीच. मी इथे आहे. दुखतंय का? शू आली? भूक लागली? झोप आता. मी परत येते. उच्चार चुकले तरी चालतील. घाई यासाठी की या वयाची मुलं नव्या घरात काही महिन्यांतच आपली भाषा बोलायची थांबतात, आणि तुमची भाषा तोवर पुरेशी आलेली नसते. मधल्या काळात रात्री घाबरलेल्या मुलाला दोन्हीकडचे शब्द सापडत नाहीत. ती हलली, कण्हली, की हात पुढे करा आणि रोज तेच एक वाक्य म्हणा. प्रश्न नकोत, मोबाइल नको, मोठा दिवा नको.

आता नीट वाचा. बहुतेक घरं इथे चुकतात. पहिल्या काही रात्री बऱ्या जातील आणि मग सगळं बिघडेल. ती रडायला लागेल, तासातासाला उठेल, तुम्ही आहात ना हे तपासेल. घरचे म्हणतील, एकटी छान झोपत होती, तुम्हीच बिघडवलीत. गादी परत त्या खोलीत नेऊ नका. हाक मारली तर कुणी येतं, हे ती पहिल्यांदा पडताळून बघते आहे, आणि त्याच वेळी तुम्ही तिला परत पाठवलंत तर पुन्हा पडताळायला ती फार उशिरा धजेल. झोपल्यावर दोन-तीन तासांच्या आत डोळे उघडे ठेवून किंचाळली आणि तुम्हाला ओळखत नसली, तर ती जागी नसते. हलवून उठवू नका, धरून ठेवू नका, कुठे आपटणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत ती आपोआप निजेल. पहाटेकडे रडत उठली आणि ओळखलं, तर ते स्वप्न. तेव्हा हात, वाक्य, पाणी.

रात्री उठण्याला शरीराचीही कारणं असतात. संस्थेतून आलेल्या मुलांत सुतासारखे बारीक जंत आणि खरूज नेहमी सापडतात, आणि दोन्हींची खाज रात्रीच वाढते. हे जंत शौचाच्या तपासणीत बहुधा सापडत नाहीत. सकाळी उठल्याबरोबर, धुण्याआधी, चिकटपट्टी गुदद्वाराशी दाबून ती काचपट्टीवर लावून न्यावी लागते. औषध घरातल्या सगळ्यांनी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. शौचाची साधी तपासणीही वेगवेगळ्या दिवसांच्या तीन नमुन्यांची करा. रक्तात लोह कमी असलं तर पाय वळवळतात, झोप तुटते, तेही बघून घ्या. क्षयाची चाचणी आल्याआल्या नकारात्मक आली असली तरी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करायची असते. कावीळ-ब आणि एचआयव्हीची सहा महिन्यांनी.

संस्थेला आजच विचारा: खोलीत किती मुलं झोपत, दिवा असे का, रात्री लघवीला उठवत का, कुशीवर झोपे की पालथी, शेजारी कोण असे. जेवणाखाण्याचं सगळे विचारतात, झोपेचं कुणी विचारत नाही.

किती दिवस? आठवडे नाही, महिने धरा. रात्री ती मोठ्याने हाक मारते आणि तुमच्या एका वाक्यावर पुन्हा झोपते, दिवसा पडली तर रडत तुमच्याकडे येते, हे दोन्ही व्हायला लागलं की गादी काही रात्रींनी हातभर सरकवायची. मग तिच्या खोलीत, पण सुरुवातीला तुमची गादीही तिथेच. ताप आला, प्रवास झाला, की एक पाऊल मागे. घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल तर मात्र थांबू नका, घसा आणि टॉन्सिल दाखवून घ्या.

आणि ती रंगवलेली खोली तुमच्या दोन वर्षांची होती. तिची अजून झालेली नाही. दिवसा खेळायला वापरा, दार उघडंच राहील अशी पाचर ठोकून.

आता नवरा. त्याने काही चुकीचं केलेलं नाही आणि त्याच्याशी बोलून काही होणार नाही, त्याला कामं वाटून द्या. पुढचे काही आठवडे भरवणं, आंघोळ आणि निजवणं तुमच्याकडे. ती त्याच्याकडे खायला मागायला आली तर त्याने तिला उचलून तुमच्याजवळ आणायचं, वाटी तुमच्या हातात द्यायची आणि तिथेच बसायचं, उठून जायचं नाही. अंगाला साबण लावू देत नसेल तर तिच्या हातात फडका द्या, तुम्ही फक्त पाणी ओता. आधी तिने तुमच्या हाताला साबण लावला तरी चालेल. पहाटेनंतरची पाळी मात्र त्याची. तुम्ही रात्रभर उठणार, तर सकाळी सहा ते नऊ तुम्हाला झोप हवी, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तुम्हीच चावायला उठाल.

सासूबाईंचा समारंभ तीन महिने पुढे, आणि तेव्हाही एका वेळी दोन-चार माणसं. सध्या तिला उचलून घेणं, भरवणं, मांडीवर बसवणं फक्त तुम्ही दोघांनी. सासूबाई रागावतील, रागावू देत. त्यांना रोज काहीतरी करून पाठवायला सांगा आणि ते तिला तुमच्या हातून खाऊ घाला.